माझा पंखा, आजींचा खुंट

खाडीच्या मधोमध एक लाकडी खुंट उभा होता. तो मी उपटायला लावला आणि संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं, 'अडथळा दूर केला.' पेनाला टोपण लावताना मला चक्क समाधान वाटलं होतं. तो खुंट म्हणजे एका म्हातारीची खाडीतली जागा होती, तिच्या सासरच्या चार पिढ्यांची, आणि ती तिच्या हातून जायला माझं ते तीन शब्दांचं वाक्य पुरेसं होतं. हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी काय केलं ते सांगायला बसले आहे.

आधी माझ्याविषयी, कारण मी सहसा चुकत नाही. यात थोडी बढाई आहे, ती आहे तशी घ्यावी. भरती-ओहोटीच्या जोरावर वीज करणारी यंत्रं पाण्यात उतरवायची, ती तिथे टिकतात का आणि बनवणाऱ्याने कागदावर सांगितली तेवढी वीज देतात का ते तपासायचं, हे माझं काम. ऑफिस बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, खाली सगळ्या वकिलांच्या पाट्या. घर करंजाडेला. साताऱ्याकडच्या माझ्या नातेवाइकांनी डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहिलेल्या असल्यामुळे मी त्यांच्यावरच कामाला आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. पाण्यातला पंखा म्हटलं की ते हसतात. माझे वडील मात्र हसले नाहीत. जन्मभर वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिलेला माणूस, त्यांनी सरळ विचारलं, "पाणी आत जातं, मग बाहेर येतं. मधे थांबत असंल की. तवा तुझा पंखा काय करतो?"

"थांबतो," मी म्हटलं.

"मग ठीक हाय. विसावा पायजेच," ते म्हणाले, आणि माझं काम त्यांच्यापुरतं समजून झालं.

ते त्यांनी बरोबरच ओळखलं होतं. दिवसातून चार वेळा पाणी वळतं, वळताना थोडा वेळ निपचित होतं, आणि तेवढा वेळ पंखा थांबलेला चालतो. एरवी थांबलेला चालत नाही. आमच्या चाचणीचा नियम असा की अमावास्येच्या उधाणापासून पौर्णिमेच्या उधाणापर्यंत, पंधरा दिवस, यंत्र सलग चाललं पाहिजे. मधेच कशानेही बंद पडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यंत्र तसं साधंच दिसायचं. दोन पिवळे फ्लोट, मधे लोखंडी चौकट, चौकटीखाली पाण्यात तीन पात्यांचा पंखा, आणि चारी बाजूंना पसरलेल्या चार दोरांच्या टोकांना चार नांगर. झालेली वीज वर ठेवलेल्या दिव्यांमध्ये जाळून टाकायची. किती झाली त्याचा आकडा माझ्या फोनवर यायचा.

याआधी आम्ही दोन जागांवर हे यंत्र लावलं होतं. पहिल्या जागी पाण्याला जोरच नव्हता. दुसऱ्या जागी जोर होता, पण शहरातली प्रत्येक प्लास्टिकची पिशवी माझ्याच पात्यांना गुंडाळायला यायची, आणि सहाव्या दिवशी यंत्र हे यंत्र कमी आणि दुकानाबाहेर टांगलेलं गाठोडं जास्त दिसत होतं. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, आता एकदाच. मेमध्ये, पावसाआधी, खाडीतलं काम बंद करावं लागतं आणि पुढच्या वर्षी हा प्रकल्प असेलच असं नाही.

मग मी दोन महिने होडीतून प्रवाहमापक ओढत फिरले. खाडीचा तो पट्टा मी भरतीला मोजला, ओहोटीला मोजला, उधाणात आणि भांगात मोजला. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी मंद असतं, त्याला इथे भांग म्हणतात. शेवटी नकाशावर एक ठिपका सापडला. तिथे ओहोटीचं पाणी सगळ्यात जोरात धावत होतं आणि कचरा मात्र दुसऱ्या काठाने जात होता. मी खूश. त्या ठिपक्यावर होडी नेली, तर नेमका तिथेच एक खुंट उभा. हाकेच्या अंतरात दुसरं काही नाही, आणि दोन महिन्यांच्या मोजमापातून निघालेल्या सगळ्यात उत्तम जागेवर एक जुना, शेवाळलेला, एकटाच खुंट. मी काय विचार केला असेन? 'काय योगायोग!' एवढाच. इंजिनिअर झालेल्या बाईने. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या दिवशी आमचे नाखवा बरोबर नव्हते. नाखवा म्हणजे आमच्या होडीचे मालक, बेलापूरच्या मागच्या खाडीकाठच्या गावातले. पन्नाशीचे असतील. मुलगा ऐरोलीला कॉम्प्युटरवर कामाला, गावात भाड्याच्या चार खोल्या, तरी हे रोज पाण्यावर. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि त्या गावात हळद म्हणजे नुसती हळद नसते, अख्खं गाव आठवडाभर कामाला नसतं. ते मला म्हणाले होते, "ताई, आठ-धा दिस थांबा. मी येतंय, मंग बसवू." मला थांबायचं नव्हतं. यंत्र भांगातच बसवता येतं, पाणी मंद असताना, आणि तो भांग गेला की पुढची अमावास्या गेली. मी दुसरीकडून होडी मागवली. तिच्यावरच्या माणसांनी खुंटाला दोर बांधला, इंजिन लावलं, तीन हिसक्यांत तो निघाला आणि ओहोटीबरोबर वाहत गेला. त्याच्या जागी माझं यंत्र. वहीत ते वाक्य.

आणि यंत्र असं चाललं की काय सांगू! अमावास्येला मोजणी सुरू झाली. पहिल्याच ओहोटीला सगळे दिवे पेटले, भर उन्हातही दिसत होते. मी होडीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. फोनवरचा आकडा कागदावरच्या आकड्याच्या पुढे गेला होता, आणि असं माझ्या इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाखवा परतले. हातावर हळदीचा रंग तसाच होता. मी मोठ्या ऐटीत त्यांना यंत्र दाखवायला घेऊन गेले. जवळ आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पंख्याकडे पाहिलंच नाही, आणि पाण्यावर इकडून तिकडे नजर फिरवत राहिले.

"ताई, इथं खुंट होता."

"होता. काढला."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या गावचे लोक डोल जाळं लावतात. जाळं म्हणजे मोठी पिशवी, तोंड उघडं ठेवून खुंटाला बांधायची, आणि धावतं पाणी मासळी आत आणून सोडतं. जिथे पाणी सगळ्यात जोरात तिथली जागा सगळ्यात चांगली. म्हणजे मी दोन महिने मोजून जे शोधलं ते त्यांच्या पणजोबांना माहीत होतं, फक्त त्यांनी त्याचा नकाशा काढला नव्हता. प्रत्येक जागा एकेका घराची. कागद काही नाही. खुंट हाच कागद. जाळं लावा की लावू नका, खुंट उभा पाहिजे. शिमग्याच्या आधीच्या नवमीला, भांगाच्या संथ पाण्यात, गावच्या होड्या सगळ्या जागांवरून फिरतात. ज्याचा खुंट उभा त्याची जागा राहिली. ज्याचा नाही त्याची सुटली, आणि मग त्या जागेसाठी गावात चिठ्ठ्या पडतात.

"कोणाचा होता?" मी विचारलं.

"माजे काकीचा," नाखवा म्हणाले. काका दहा वर्षांपूर्वी वारले. मुलं नोकरीला. काकी जाळं लावत नाही, पण दर वर्षी माणसं बोलावून, समोर बसून, तो खुंट नीट करून घेते.

मी म्हटलं, मग लगेच दुसरा ठोकू. नाखवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. खुंट ठोकायला दोन होड्या बांधून अगदी त्याच जागी उभ्या कराव्या लागतात, आणि तिथे माझ्या यंत्राचे चार दोर पसरलेले. बाजूला ठोकून चालत नाही, कारण दोन हात सरकला तरी शेजारचा म्हणतो माझ्या पाण्यात आलास. म्हणजे यंत्र उचलायचं, मोजणी मोडायची. आणि यंत्र उचललं नाही तर नवमीला त्या आजींची, म्हणजे नाखवांच्या काकींची, जागा गेली. शिवाय जुने लोक जागा ओळखायचे ती देवळाचा कळस आणि पलीकडच्या डोंगराचं टोक एका रेषेत धरून. कळस आता टॉवरच्या मागे गेला आहे आणि डोंगर विमानतळासाठी कापला. खुंट गेला की जागा कुठे होती हेसुद्धा सांगता येणार नाही, असं नाखवांचं म्हणणं. निदान ते तरी माझ्याकडे होतं. माझ्या जीपीएसमध्ये तो ठिपका हातभर अंतरापर्यंत नोंदलेला होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

मी चिडले होते. सगळ्यात जास्त स्वतःवर, पण ते कबूल करायला वेळ लागला. आधी मी नाखवांवर चिडले की हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, "कोनी कोनचे घराचा दरवाजा काढून नेऊ नये, आसा पन सांगाचा आसतंय का?"

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही, फक्त कागदाबाहेरच्या कुठल्याही गोष्टीची त्यांना धास्ती वाटते. त्यांनी परवानगीचा नकाशा काढून टेबलावर पसरला.

"इथे बघा. मोकळं पाणी. आपल्याला परवानगी मोकळ्या पाण्याची आहे."

"पण ते मोकळं नव्हतं."

"तुम्ही मोकळं केलंत," साहेब म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांच्या मते मी चांगलं काम केलं होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं की कुणाचाही हक्क तोंडीसुद्धा मान्य करायचा नाही. तपासणारे लोक बाहेरून येणार आहेत. चाचणीच्या जागेवर वाद आहे असं त्यांच्या कानावर गेलं, तर पंधरा दिवसांची मोजणी ते एका ओळीत रद्द करतील. "नवमीला मीही येतो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त गप्प राहा. होईल सगळं नीट."

गप्प राहणं हा माझा गुण नाही, हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. तरी पुढचे दोन दिवस मी गप्प राहिले, आणि त्या दोन दिवसांची मला लाज वाटते. फोनवर आकडे येत होते, एकाहून एक सरस. प्रत्येक चांगला आकडा बघताना मला तो वाहत गेलेला खुंट आठवायचा. पाचव्या दिवशी मी नाखवांना म्हटलं, मला काकींकडे घेऊन चला.

आजी ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. बारीक बांधा, नऊवारी, नाकात मोठी नथ, आणि बोटं इतकी चपळ की माझी नजर पोचेना. नाखवांनी माझी ओळख करून दिली आणि ते सोयीस्करपणे होडीकडे निघून गेले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खुंट मी काढला, मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं, चूक माझी. एका दमात. माफी मागायची सवय नसली की ती अशी धाडकन बाहेर पडते.

आजींनी जवळ्यातला एक काटा काढून बाजूला टाकला.

"तुजा पंखा फिरतंय का?"

"फिरतो."

"कनचे पान्याला जास्ती? भरतीला का ओटीला?"

"ओहोटीला."

"पयल्या ओटीला का शेवटच्या?"

मी थबकले. हा प्रश्न मला ऑफिसातल्या कुणीही कधी विचारला नव्हता. "मधल्या तासाला. पाणी अर्धं उतरलं की."

"बराबर हाय," आजी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. त्या जागेवर त्या सासऱ्यांबरोबर, मग नवऱ्याबरोबर जाळं काढायला गेल्या होत्या, अर्धं पाणी उतरायच्या आत पोचायचं म्हणून धावतपळत. त्यांनी ते सांगितलं आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला.

"पोरं बोलतान, आये, कशाला पायजे ती जागा? आता मासली हाय का तिथं? नसंल मासली. शेत गेला, मिठागर गेला, आता बिल्डिंगचे फलाट हान तिथं, आन खोल्यांचा भारा येतंय, मी नाय बोलत नाय. पन ती जागा कोनी घेतली नवती. येवरीच एक कोनी घेतली नवती. ती तू घेतलीस, पोरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, "मी यंत्र उचलते. उद्याच उचलते. नवमीच्या आधी खुंट ठोकून देते." हे बोलताना माझे पंधरा दिवस, माझी दोन महिन्यांची मोजणी, सगळं वाया जाणार हे मला कळत होतं. तरी मी ते मनापासूनच म्हणत होते.

आजींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आनि ठोकंल कोन? गावान लगनं हान. पोरांना सुट्टी नाय. नवमी तीन-चार दिसांव आली." त्यांनी सूप हलवलं. "खुंट म्हंजे काय गं? आपले जागंव पान्यान उबा रातंय, तो खुंट. तुजा पंखा उबा हाय ना?"

"आहे."

"मंग नवमीला मी बोलनार, यो माजा खुंट. लोकं हासतील. कंपनीचा हाय बोलतील. तवा गाव तुला इचारंल. तू काय बोलशील, ते तू बग."

एवढं बोलून त्यांनी परत जवळ्यात डोकं घातलं. चहासुद्धा विचारला नाही. परत येताना मला कळत होतं की यंत्र उचलणं सोपं होतं. आजींनी त्याहून अवघड गोष्ट मागितली होती. आता पंखा तिथेच राहणार होता, आणि आजींची जागा राहणार की जाणार ते माझ्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर होतं, साहेबांच्या देखत.

नवमीला दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी संपते. तासभर आधी आम्ही निघालो. नाखवा सुकाणूवर, मधे आजी, त्यांच्याशेजारी मी, आणि पुढच्या टोकाला लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून साहेब. आजींनी त्यांच्या जॅकेटकडे दोनदा पाहिलं. गावच्या आठ-दहा होड्या होत्या. पुढच्या होडीत गावातले एक वृद्ध, सगळे त्यांना मुकादम म्हणत होते. प्रत्येक खुंटापाशी होड्या थांबायच्या, मुकादम विचारायचे, "यो कोनाचा?" आणि त्या घरचं जे कोणी आलं असेल ते हात वर करून सांगायचं, "आमचा." पुढे. काही जण ऑफिसचे कपडे घालूनच आले होते, एकजण कानाला फोन लावूनच 'आमचा' म्हणाला. कोणी हसलं नाही. मी इतक्या वर्षांत जागा मोजण्याच्या अनेक पद्धती पाहिल्या आहेत, पण यात चूक काढायला मला काही सापडलं नाही.

आमच्या यंत्रापाशी होड्या आल्या तेव्हा पाणी जवळजवळ थांबलं होतं. पंखा अगदी सावकाश फिरत होता.

"यो कोनाचा?" मुकादमांनी सवयीने विचारलं आणि मग पिवळे फ्लोट बघून ते थांबले.

आजी उभ्या राहिल्या. होडी जराही हलली नाही. "माजा."

दोन-तीन होड्यांतून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, "काकीनी वीज कंपनी घेतली वाटतं!" मुकादम हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, यो तर तुमचे कंपनीचा ना?"

साहेबांनी मागे वळून मला डोळ्यांनी सांगितलं, गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठले. माझ्या उठण्याने मात्र होडी हलली, नाखवांनी हात धरला म्हणून बरं.

"यंत्र कंपनीचं आहे," मी म्हटलं. आवाज पाण्यावरून लांबवर जातो, तो नीट जावा म्हणून मी सावकाश बोलले. "ते ज्या जागेवर उभं आहे तिथे आजींचा खुंट होता. तो मी काढला. कोणाला न सांगता. तो असता तर आज तुम्हाला तिथे दिसला असता. जागा आजींची आहे. यंत्र त्यांच्या खुंटाच्या जागी उभं आहे."

मुकादमांनी मान डोलवली, मागच्या होड्यांकडे वळून विचारलं, "आयकलाव?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघाले. आजींची जागा राहिली होती. मला हलकं वाटलं आणि मी खाली बसले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. होड्या दूर गेल्यावर त्यांनी अगदी हळू, अगदी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, आता हे यंत्र इथून उचला. आजच. वादातल्या जागेवरची चाचणी मी तपासणाऱ्यांपुढे ठेवू शकत नाही. नऊ दिवस गेले ते गेले." मग नाखवांकडे वळून, "उचलायला मोठी होडी लागेल ना? बोलवा."

मला याची कल्पना होती. मी सगळा हिशेब मनात करूनच उठले होते. नऊ दिवस. इतकं सुंदर चाललं होतं. मी नाखवांना म्हणणार होते, हो, बोलवा, तेवढ्यात आजी बोलल्या.

"कनचा वाद?"

साहेबांना ते आपल्याला विचारलं आहे हे कळायला वेळ लागला.

"वाद मिटला नाय का आता? गावानी आयकलाय. जागा माजी हाय आनि खुंट माजा हाय. कोन उचलतंय माजा खुंट?"

"आजी, ते यंत्र कंपनीच्या मालकीचं आहे," साहेब म्हणाले.

"आसंल. शिमग्याचे पुनवेनंतर घेऊन जा. तवा माजी मानसं मोकली होतील, मी दुसरा ठोकंन. तवर त्याला कोन हात लावतंय ते मी बगतंय."

साहेबांनी पुन्हा नाखवांकडे पाहिलं. नाखवा इंजिनचा दोर उगाचच पुसत होते. "साहेब, होरी कनची येल? दुसऱ्याचा खुंट इथं कोन काढीत नाय."

"एकदा हिनी काढलाय," आजी माझ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या. "ती पन आता नाय काढाची."

मला हसूही आलं आणि रडूही. साहेबांनी डोक्याला हात लावला. ते बराच वेळ त्या पिवळ्या फ्लोटकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी ते यंत्र पहिल्यांदा कागदाबाहेर पाहिलं. शेवटी त्यांनी जॅकेटचा वरचा पट्टा सैल केला.

"पुनवेला पंधरा दिवस होतात," ते म्हणाले, बहुतेक स्वतःशीच. "पण अहवालात काय लिहिणार तुम्ही? जागेचा रकाना आहे. परवानगीचा रकाना आहे, आणि आपली परवानगी मोकळ्या पाण्याची, या जागेची नाही. तो मोकळा ठेवला तर ते पहिला प्रश्न त्यावरच विचारणार."

जागेच्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत होतं. परवानगीच्या रकान्याचं मला माहीत नव्हतं, आणि पाचव्या दिवशी आजींच्या ओट्यावर उभी असताना माफी मागून, यंत्र उचलायचं कबूल करून, एवढं सगळं बोलूनही मी एक साधी गोष्ट केली नव्हती, हे मला त्या होडीत बसल्यावर कळलं. मी आजींकडे वळले.

"आजी, तुमच्या जागेवर माझा पंखा पौर्णिमेपर्यंत ठेवू का?"

भरती लागत होती, पंखा उलट्या अंगाने फिरायला लागला होता, आणि आजी तो बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"ठेव. आता इचारलंस ना? मंग ठेव."